हवेवर जगणारे जंतू आणि त्यांची काटकसर

वाचकहो, गोबरगॅसची टाकी आता खेडोपाडी ठाऊक झालेली आहे. शेणाचा काला एका बाजूने आत सोडावा आणि दुसरीकडून जळणारा वायू घ्यावा. शेगडीवर जी निळी ज्योत पेटते ती मिथेन वायूची. पण त्याच टाकीच्या पोटात आणखी एक जळणारा वायू दिवसरात्र तयार होत असतो. त्याचे नाव हायड्रोजन. मग तो आपल्या शेगडीपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, याचे कारण काय? कारण असे की, काही जंतू तो तयार करतात आणि त्यांच्या शेजारीच बसलेले दुसरे जंतू तो लगेच खाऊन टाकतात. त्या खाण्यातूनच मिथेनचा काही भाग बनतो.

वायू खाऊन जगणारे जंतू! ऐकायला नवल वाटते. आपण भाकरी खातो, गाय कडबा खाते, झाड उन्हावर आणि हवेवर वाढते, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण नुसत्या हायड्रोजनवर पोट भरणारे जंतू आपल्या शेतातल्या मातीत, नदीच्या गाळात, हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहतात. त्यांची ओळख पटायला माणसाला बराच काळ लागला. आणि ओळख पटल्यावर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. हायड्रोजन खाण्याचे हत्यार हे जंतू नेहमीच जवळ बाळगतात, की हायड्रोजन आला म्हणजे मगच बनवतात? आणि ‘आला’ हे त्यांना कळते तरी कसे? त्यांना ना डोळे, ना नाक, ना मेंदू. या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आज आपण पाहू.

प्रथम वायूची गोष्ट. १७६६ साली लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने धातूवर आम्ल टाकून निघणाऱ्या जळाऊ हवेचा नीट अभ्यास केला. पुढे फ्रान्समधील लाव्हाझिए याने या वायूला हायड्रोजन, म्हणजे पाणी निर्माण करणारा, असे नाव दिले. नाव अगदी योग्य आहे. हायड्रोजन प्राणवायूबरोबर जळला की पाणी होते आणि पुष्कळ उष्णता बाहेर पडते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. जिथे जळण आहे तिथे शक्ती आहे, आणि जिथे शक्ती आहे तिथे तिच्यावर जगणारा कुणीतरी निसर्गात असण्याचा संभव आहे.

हा विचार प्रथम पक्का केला तो सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने. १८८७ साली त्याने दाखवून दिले की, काही जंतू गंधकयुक्त वायूपासून शक्ती मिळवतात. तीनच वर्षांनी त्याने मातीतल्या अमोनियावर जगणारे जंतू वेगळे काढले. म्हणजे सजीवाला जगायला दुसऱ्या सजीवाचे शरीरच लागते किंवा ऊनच लागते, असे नाही. खनिज पदार्थांचे ‘जळण’ करूनही जगता येते. हा त्या काळी मोठा धक्का होता.

मग १९०६ साल उजाडले. त्या एकाच वर्षी ऑस्ट्रियातील कासेरर आणि हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा स्योनगेन, या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले की, मातीतले काही जंतू हायड्रोजन आणि प्राणवायू यांचा मंद मंद संयोग घडवून आणतात आणि त्यातून निघणाऱ्या शक्तीवर वाढतात. शरीर बांधायला लागणारा कार्बन ते हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून घेतात. बाटलीत हे दोन वायू एकत्र करून ठिणगी पाडली तर स्फोट होतो. हा जंतू तेच काम स्फोट न होऊ देता, चटका न लागू देता करतो. हे त्याला कसे साधते?

याचे उत्तर मिळाले १९३१ साली, इंग्लंडात केंब्रिज येथे, आणि ते शोधून काढले एका बाईंनी. मार्जोरी स्टीव्हन्सन त्यांचे नाव. केंब्रिजजवळच्या बर्वेल या खेड्यात १८८५ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. डॉक्टर व्हावे अशी इच्छा होती, पण पैसा नव्हता, म्हणून त्यांनी काही वर्षे गृहविज्ञान शिकवले. आमच्या शिक्षक वाचकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. पुढे त्या केंब्रिजला जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत आल्या आणि जंतूंच्या पोटातल्या रसायनक्रियांचा अभ्यास करू लागल्या. १९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपल्या जवळजवळ तीन शतकांच्या आयुष्यात प्रथमच दोन स्त्रियांना सदस्य करून घेतले. त्यांतल्या एक स्टीव्हन्सनबाई होत्या.

त्यांच्या कामाचा आरंभ घाणेरड्या गाळातून झाला. त्या भागातल्या औझ नदीत बीटापासून साखर काढणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी सोडले जाई. साखर कारखान्याची मळी ओढ्यात शिरली म्हणजे काय होते, हे आपल्याकडील उसाच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. पाणी काळे पडते, वास सुटतो, बुडबुडे येतात. त्या गाळातल्या जंतूंचा अभ्यास करताना स्टीव्हन्सनबाई आणि त्यांचे सहकारी स्टिकलंड यांच्या लक्षात आले की, काही जंतूंच्या अंगी हायड्रोजनला ‘जागे’ करण्याची ताकद आहे. त्यांनी जंतू धुऊन घेतले, म्हणजे त्यांच्याभोवतालचे अन्न काढून टाकले. मग त्यात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घातला आणि वरून हायड्रोजन दिला. निळा रंग नाहीसा झाला. जंतूंनी हायड्रोजनमधली शक्ती काढून रंगाला दिली होती. हे काम करणाऱ्या पदार्थाला त्यांनी ‘हायड्रोजनेज’ असे नाव दिले.

हा पदार्थ म्हणजे एक विकर, ज्याला एन्झाइम म्हणतात. विकर म्हणजे काय, हे कळायला प्रयोगशाळा नको. भाकरीचा घास खूप वेळ चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. आपल्या लाळेतले विकर पिठाची साखर करत असते. विकर स्वतः संपत नाही, पण एरवी जे काम होणार नाही किंवा फार सावकाश होईल ते झटपट करून देते. हायड्रोजनेजही तसेच. हायड्रोजनचा रेणू फोडावा, त्यातली शक्ती वीजकणांच्या रूपाने काढावी आणि जंतूच्या कामाला लावावी, हा त्याचा धंदा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टीव्हन्सनबाईंना याच कामात एक विलक्षण गोष्ट दिसली. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय जंतूजवळ एक जोडविकर असते. ते फॉर्मिक आम्लाच्या क्षारातून हायड्रोजन बाहेर काढते. पण या जंतूला तो क्षार नसलेल्या रश्शात वाढवले तर हे विकर त्याच्यात जवळपास सापडतच नाही. क्षार घातला की काही तासांत विकर हजर! हे कसे घडते? दोन शक्यता होत्या. एक अशी की, लाखो जंतूंत थोडे जंतू मुळातच या विकराचे होते, तेवढेच वाढले आणि बाकीचे मागे पडले. दुसरी अशी की, त्याच जंतूंनी, वंश न बदलता, नवे हत्यार घडवले.

हा भेद किरकोळ नव्हे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, अवर्षणात एखादे पीक तगले, ते बियाणेच वेगळे होते म्हणून की त्याच बियाण्याने आपली वागणूक बदलली म्हणून? दोन्ही गोष्टी निसर्गात घडतात, पण त्यांचे अर्थ फार निराळे. १९३३ साली स्टीव्हन्सन आणि स्टिकलंड यांनी जंतूंची संख्या वाढत नसतानाही विकर तयार होते, असे दाखवून दिले. संख्या वाढली नाही, म्हणजे निवड झाली असे म्हणता येत नाही. त्याच जंतूंनी ते हत्यार नव्याने बनवले होते. परिस्थिती पाहून बनणाऱ्या अशा विकरांना त्या काळी ‘अनुकूलनी विकरे’ म्हणू लागले.

पण मग ती बनवण्याची आज्ञा कुठून येते? यासाठी आणखी जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात जनुक म्हणजे काय, ते कळले. प्रत्येक पेशीजवळ डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्यावर कोणते प्रथिन कसे बनवायचे याचा मजकूर लिहिलेला असतो. एका प्रथिनाचा मजकूर म्हणजे ढोबळमानाने एक जनुक. विकरेही बहुतेक प्रथिनेच. १९६१ साली पॅरिसमध्ये झाकोब आणि मोनो या दोघांनी सांगितले की, जनुकांना ‘चालू’ आणि ‘बंद’ करणारी व्यवस्था असते. कोलाय जंतूला दुधातली साखर मिळाली म्हणजे ती पचवणाऱ्या विकरांची जनुके चालू होतात. ती साखर नसली तर एक प्रथिन त्या जनुकांवर कुलपासारखे बसून राहते. या शोधाबद्दल त्यांना १९६५ साली, ल्वोफ यांच्याबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. स्टीव्हन्सनबाई १९४८ सालीच निवर्तल्या होत्या. त्यांच्या फॉर्मिक आम्लाच्या कोड्याचे उत्तर तर १९९० च्या सुमारास जर्मनीतील म्युनिक येथे ब्योक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्या क्षाराला ओळखणारे आणि जनुके चालू करणारे एक खास प्रथिन त्यांना सापडले.

आता कुणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? हत्यार जवळ असले तर बिघडले काय? वाचकहो, बैल नांगरायला चार-दोन आठवडे लागतो, पण दावणीला बारा महिने पोसावा लागतो. ज्याच्याकडे वैरण थोडी, त्याला हा हिशेब करावाच लागतो. जंतूचेही तसेच आहे. हायड्रोजनेज बनवणे ही स्वस्तातली गोष्ट नाही. त्याच्या मर्मस्थानी लोह आणि निकेल या धातूंचे अणू बसवलेले असतात. हायड्रोजनवर वाढणाऱ्या जंतूंना निकेल लागते, हे १९६५ साली अमेरिकेत बार्था आणि ऑर्डाल यांनी दाखवले. ते निकेल जागच्या जागी बसवायला निदान सहा मदतनीस प्रथिने लागतात. म्हणजे एक गाडी करायची तर सुतार, लोहार, सगळे बोलवायचे. हायड्रोजन नसताना हा खर्च करणारा जंतू काटकसरी शेजाऱ्यापुढे टिकणार नाही.

या काटकसरीचे यंत्र उलगडले ते मुख्यतः जर्मनीत. ग्योटिंगेन येथे हान्स श्लेगेल यांनी हायड्रोजन खाणाऱ्या जंतूंची एक मोठी अभ्यासपरंपरा उभी केली. त्यांच्या प्रयोगशाळेत वेगळा काढलेला ‘एच-१६’ हा वाण जगभर गाजला. या जंतूचे शास्त्रीय नाव आजवर चार-पाच वेळा बदलले आहे, त्यात आपण पडायला नको. आपण त्याला एच-१६ च म्हणू. १९६० च्या दशकात या जातीच्या जंतूंकडे अंतराळवीरांचा श्वास शुद्ध करणारे आणि अन्न देणारे प्राणी म्हणूनही पाहिले जात होते. शिवाय हा जंतू पोटात चरबीसारखा एक पदार्थ साठवतो आणि त्याचे कुजून जाणारे प्लॅस्टिक करता येते, म्हणूनही त्याच्याकडे लोकांचे लक्ष लागलेले होते.

एच-१६ जवळ हायड्रोजन जाळणारी दोन विकरे आहेत. एक त्याच्या आवरणाला चिकटलेले, दुसरे आतल्या रसात मोकळे. या विकरांची जनुके कुठे आहेत, याचा शोध घेताना श्लेगेल यांच्या शिष्या बेर्बेल फ्रीडरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ साली आढळले की, हायड्रोजनवर जगण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ही जनुके जंतूच्या मुख्य धाग्यावर नसून एका वेगळ्या कड्यावर आहेत. एका घरची चोपडी शेजारच्या घरी उतरवायला द्यावी, तसे हे कडे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. २००३ साली या कड्याचा संपूर्ण मजकूर वाचून झाला. तो सुमारे साडेचार लाख अक्षरजोड्यांचा भरला.

या कड्यावर त्या दोन विकरांच्या जनुकांबरोबर आणखी एक तिसरे हायड्रोजनेज लिहिलेले होते. पण ते हायड्रोजन जाळायचे फार थोडे. पोट भरण्याच्या कामाचे ते नव्हेच. मग ते कशासाठी? ते होते राखणदार! हायड्रोजन आला की नाही, एवढेच पाहणे हे त्याचे काम.

ही व्यवस्था जरा नीट समजावून घेऊ. तीन माणसे आहेत असे धरा. एक राखणदार, दुसरा मुकादम आणि तिसरा किल्लीवाला. किल्लीवाल्याने कोठाराचे कुलूप उघडले की जनुके चालू होतात आणि विकरे बनू लागतात. मुकादमाचे काम उलटे. तो किल्लीवाल्याचे हात बांधत असतो. दोरी कसली? खताच्या पोत्यावर ज्याला आपण स्फुरद म्हणतो, त्या फॉस्फरसचा एक लहानसा गट, म्हणजे फॉस्फेट. ते किल्लीवाल्याला चिकटले की त्याचे काम थांबले. आता हायड्रोजन आला. राखणदाराला त्याची चाहूल लागली. तो जाऊन मुकादमाला धरून ठेवतो. मुकादमाचे बांधणे बंद पडते, किल्लीवाल्याचे हात मोकळे राहतात, कोठार उघडते. हायड्रोजन संपला की राखणदार मुकादमाला सोडतो आणि पुन्हा दोरी चढते.

जंतूंत अशी निरोप्यांची जोडी पुष्कळ ठिकाणी आढळते. पण बहुतेक ठिकाणी फॉस्फेट चिकटल्यावर काम सुरू होते. इथे ते थांबते. हायड्रोजन काही थेट ‘उघड’ म्हणत नाही. जो अडवतो आहे त्याला तो अडवतो.

आणि तरीही नुसता हायड्रोजन पुरेसा नाही. या जंतूला सक्सिनेटसारखे चांगले, लवकर पचणारे अन्न मिळाले तर तो हायड्रोजनच्या वाटेला फारसा जात नाही. ग्लिसरॉलसारख्या, सावकाश वाढू देणाऱ्या अन्नावर ठेवला तर मात्र ही जनुके जोरात चालू होतात. घरात ज्वारी असताना रानातली भाजी शोधायला कोण जाईल?

आता या इतिहासातली सर्वांत बोधप्रद गोष्ट सांगतो. ग्लिसरॉलवर वाढणारा एच-१६ हायड्रोजन मुळीच नसतानाही ही विकरे बनवत असे! साऱ्या जगात अभ्यासला गेलेला हाच तो वाण. त्यामुळे या जंतूला हायड्रोजनची चाहूल लागत नाही, तो केवळ भुकेवर चालतो, असाच निष्कर्ष त्यावरून निघत होता. १९९८ साली बर्लिनमध्ये लेंझ आणि फ्रीडरिश यांनी खरा उलगडा केला. एच-१६ चा मुकादमच अधू होता. त्याच्या प्रथिनातला एकच दुवा बदललेला होता आणि त्यामुळे त्याला दोरी बांधता येत नव्हती. किल्लीवाल्याचे हात सदैव मोकळे. संशोधकांनी एच-१६ ला धडका मुकादम दिला. लगेच राखणदाराचे महत्त्व दिसून आले. हायड्रोजन असेल तर विकरे बनत, नसेल तर नाही.

पाहा, केवढी मोठी शिकवण आहे ही! एक गाय लंगडी असली म्हणून साऱ्या जातीचे पाय लंगडे असे म्हणता येत नाही. शास्त्रज्ञ ज्या एका वाणावर विसंबतात तोही कधी अपवाद निघू शकतो. आणि ती उणीव सापडली ती वाद घालून नव्हे, तर बिघडलेला भाग बदलून पाहिला तेव्हा. वर्गात विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

राखणदाराविषयी आणखी एक गंमत. बहुतेक हायड्रोजनेजांना प्राणवायू मानवत नाही. तो आत शिरला की विकर बंद पडते. पण राखणदार हवेत राहूनही कामावर असतो. कसा? २००५ साली फ्रीडरिश यांच्याच गटाने दाखवले की, त्याच्या मर्मस्थानाकडे जाणारी वाट फार अरुंद आहे. लहानसा हायड्रोजन त्यातून जातो, मोठा प्राणवायू अडकतो. त्या वाटेवरचे दोन आडदांड दुवे काढून तिथे लहान दुवे बसवले, तेव्हा वाट रुंदावली आणि राखणदाराला प्राणवायूची बाधा होऊ लागली. चाळणीची भोके मोठी केली तर खडे खाली यायचेच!

हे सारे परदेशातल्या प्रयोगशाळांतले झाले. आपल्या रानाशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. हरभरा, चवळी, मूग, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी असतात. जोमदार झाड हळूच उपटून एखादी गाठ नखाने चिरून पाहा. आत गुलाबी रंग दिसला तर समजावे की आतले जंतू हवेतला नत्र बांधण्याचे काम करत आहेत. या कामात एक गळती आहे. नत्राचा एक रेणू बांधताना निदान एक रेणू हायड्रोजन बाहेर पडतो. झाडाने उन्हात राबून जी साखर गाठींना दिली तिच्यातली शक्ती या वायूबरोबर उडून जाते.

१९४१ साली अमेरिकेत फेल्प्स आणि विल्सन यांना वाटाण्याच्या गाठींत हायड्रोजनेज आढळले. १९५७ साली सोयाबीनच्या गाठींतून हायड्रोजन बाहेर पडताना पाहण्यात आला. १९७६ साली ऑरेगन येथील शूबर्ट आणि इव्हान्स यांनी हिशेब मांडला. पुष्कळ झाडांच्या गाठींत, नत्र बांधण्यासाठी खर्ची पडलेल्या वीजकणांपैकी ४० ते ६० टक्केच नत्राच्या उपयोगी पडतात, बाकीचे हायड्रोजन होऊन वाया जातात. पण त्यांनी तपासलेल्या चवळीच्या गाठींतून मात्र हायड्रोजन फारच थोडा बाहेर येत होता. तिथले जंतू निसटणारा वायू पकडून पुन्हा कामाला लावत होते. बांधाच्या कडेने झिरपणारे पाणी चर काढून परत विहिरीत सोडावे, तसे.

मग गाठीतले जंतू हे हत्यार केव्हा काढतात? इथे निसर्गाने निराळीच युक्ती केली आहे. १९९७ साली माद्रिद येथील संशोधकांनी दाखवले की, वाटाण्याच्या गाठीतल्या जंतूत नत्र बांधणारी जनुके ज्या किल्लीने उघडतात, त्याच किल्लीने हायड्रोजनेजची जनुकेही उघडतात. विचार करा, किती समंजस योजना! नत्र बांधायला सुरुवात झाली की हायड्रोजन निघणारच. मग वेगळा राखणदार हवा कशाला? उलट सोयाबीनवरचा जंतू मातीत मोकळा असतो तेव्हा हायड्रोजनची चाहूल घेणाऱ्या राखणदाराच्या भरवशावर चालतो आणि गाठीत गेला की प्राणवायू कमी असल्याच्या खुणेवर चालतो. घर बदलले की रीत बदलते.

मात्र गळती थांबवणारा जंतू पेरला म्हणजे पीक हमखास वाढेल, असे कुणी सांगू लागले तर लगेच विश्वास ठेवू नका. शेतात जमीन, पाणी, वाण, आधीपासून मातीत असलेले जंतू, अशा दहा गोष्टी एकत्र काम करतात. कुठे लाभ दिसतो, कुठे दिसत नाही. बियाण्याला चोळायचे जिवाणू-खत निवडताना तुमच्या पिकाला आणि जमिनीला काय मानवते ते कृषी विद्यापीठाच्या माणसांना विचारून, थोड्या जागेवर करून पाहून मगच ठरवावे.

शेवटी आपल्या डोक्यावरच्या हवेकडे वळू. तिच्यात हायड्रोजन अगदीच नाममात्र आहे, वीस लाख भागांत साधारण एक भाग. पण तेवढाही मातीतले काही जंतू सोडत नाहीत. हवेतून जेवढा हायड्रोजन दरवर्षी नाहीसा होतो त्याचा मोठा वाटा मातीच गिळते. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील शास्त्रज्ञांनी, क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद हवेतला हा विरळ हायड्रोजन ज्या विकराने पकडतो त्याची बारीक रचना प्रसिद्ध केली. हे विकर तो केव्हा बनवतो, ठाऊक आहे? उपासमार झाली म्हणजे. अन्न संपले, वाढ थांबली, की हवेतल्या या चिमूटभर शक्तीवर तो जीव धरून राहतो आणि चांगल्या दिवसांची वाट पाहतो. जिरायती मुलखातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वाचकहो, १९०६ पासून आजपर्यंतच्या या वाटचालीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डोळ्यांना न दिसणारा हा जीव हावरट नाही. काय मिळते आहे, किती मिळते आहे, त्यासाठी खर्च किती पडेल, हे पाहून तो आपले हत्यार काढतो आणि काम संपले की बनवणे थांबवतो. कुणी त्याला हिशेब शिकवला नाही. ज्यांचा हिशेब चुकला ते जंतू मागे राहिले आणि ज्यांचा जमला त्यांची प्रजा आज आपल्या मातीत आहे. पुढच्या खेपेला हरभऱ्याचे झाड उपटाल तेव्हा त्या गाठी मुलांच्या हातात द्या आणि त्यांना विचारा, ‘या एवढ्याशा गाठीत कोण कोण राबत असेल बरे?’ उत्तर त्यांना शोधू द्या.